काळी पांढरी झाली तेव्हा

मागच्या नाताळच्या सुटीत माझी नात आमच्याकडे नगरला आली होती. एके दुपारी तिने मोबाइलवर एक छायाचित्र मला दाखविले. तांबूस वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्या उतारांवर, कुणी मूठभर रांगोळी सैल हाताने सोडावी तसे, पांढरे पट्टे उमटले होते. "आजोबा, हे सहाराचं वाळवंट आहे आणि हा चक्क बर्फ आहे!" ती म्हणाली. अल्जेरिया देशात ऐन सेफ्रा नावाचे गाव आहे. त्याला वाळवंटाचा दरवाजा म्हणतात. तेथे डिसेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये असे हिम पडले होते. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतील लास व्हेगास हे शहरही वाळवंटातच वसलेले आहे. तेथे १७ डिसेंबर २००८ रोजी साडेतीन इंचांहून अधिक हिम साचले. त्या शहराच्या डिसेंबर महिन्यातला तो विक्रम ठरला. विमाने थांबली आणि दुसऱ्या दिवशी शाळांना सुटी मिळाली.

सुटीचा उल्लेख करताना तिचे डोळे चमकले. नंतर तिने विचारले, "आपल्याकडे कधी पडला का हो असा बर्फ?"

"नाही गं," मी म्हणालो, "आपला हा कोरडा मुलूख. इथे कुठला बर्फ?"

ती खेळायला निघून गेली आणि मी मात्र खुर्चीत तसाच बसून राहिलो. माझे उत्तर खरे होते आणि पूर्ण खरे नव्हतेही. एकदा आमचे रान पांढरे झाले होते. त्या दिवशी मी एक शब्द बोलून गेलो होतो आणि तो शब्द इतकी वर्षे माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला आहे. त्याविषयी मी आजवर कुणाशी बोललो नाही. वाचकांपुढे ते मन मोकळे करावे असे आज वाटते.

आमचा जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, मोठा विलक्षण आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आमच्याच अकोले तालुक्याच्या सीमेवर आहे. त्या बाजूला घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांत पाऊस अक्षरशः कोसळतो. पण सह्याद्रीची रांग ओलांडली की ढगांची झोळी रिकामी होते. पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. जिल्ह्याची वार्षिक सरासरी जेमतेम साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर. तीही एखाद्या वर्षी मिळते, एखाद्या वर्षी नाही. म्हणून आमच्याकडचा माणूस आभाळाकडे पाहतो तो मागण्यासाठीच. आभाळ मारीलही, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

हिमासाठी आमच्या घरात शब्दही नव्हता. 'हिम' हा पुस्तकातला शब्द. 'बर्फ' म्हणजे यात्रेत रंगीत सरबत घालून मिळणारा गोळा. आमचा शब्द 'गार'. गार पाणी, गारठा, गारगोटी आणि वळवाच्या पावसात पडणारी गार. एकावन्नाव्या स्तोत्रात पापक्षालनाची प्रार्थना आहे आणि तेथे हिमाच्या शुभ्रतेची उपमा आली आहे. उपवासकाळात ते स्तोत्र म्हणताना मी लहानपणी आजीला विचारले होते, हिम म्हणजे काय? तिने हिम पाहिले नव्हते. ती म्हणाली, "पिंजलेल्या कापसासारखं असतं, पण थंड." तेवढ्यावर मी समाधानी झालो. पुढे शाळेत फादरांनी रोममधील एका टेकडीवर ऐन उन्हाळ्यात हिम पडल्याची आख्यायिका सांगितली. त्या जागी पवित्र मरियेचे महामंदिर उभे राहिले आणि ५ ऑगस्टला त्याचा सण पाळतात. तेव्हापासून उष्ण देशात पडलेले हिम म्हणजे कृपेची खूण, असे माझ्या बालमनाने ठरवून टाकले. वळवाच्या गारा पडू लागल्या की आम्ही भावंडे डोक्यावर घमेले धरून अंगणात धावत असू आणि गारा वेचून तोंडात टाकत असू. आजी मात्र देव्हाऱ्यामागे खोचलेली झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी काढून तिचे एक पाते चुलीत जाळी आणि पुटपुटत राही. ती का घाबरते, हे आम्हांला कळत नसे. आमच्या दृष्टीने तो खाऊ होता.

मोठेपणी विज्ञान शिकवू लागलो तेव्हा हिम आणि गार यांतला फरक मीच मुलांना समजावून सांगत असे. हिम थंड हवेतून हळूच उतरते. गारेला मात्र खाली ऊन लागते. जमीन तापली की हवा वेगाने वर चढते आणि ढग मैलोगणती उंच होतो. त्याच्या माथ्यावर शून्याखालच्या थंडीतही पाण्याचे थेंब न गोठता तरंगत असतात. एखाद्या बर्फकणाला ते चिकटतात आणि गोठतात. वर चढणारा वारा त्या कणाला झेलून धरतो आणि त्याच्यावर थरावर थर चढत जातात. वाऱ्याला तो पेलवेनासा झाला की खाली सुटतो. मोठी गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. आमच्या कांद्याच्या मुलखातल्या मुलांना हे उदाहरण फार आवडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडून येणारे थंड, कोरडे वारे वर असतात, समुद्रावरून येणारी बाष्पयुक्त हवा खाली असते आणि जमीन तापू लागलेली असते. अशा वेळी गारांचे ढग जमतात. म्हणजे जेथे हिम कधीच पडत नाही, तेथेही गार पडू शकते. मुरादाबादला ३० एप्रिल १८८८ रोजी झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली, हेही मी वर्गात सांगत असे. पण पाठ्यपुस्तकातील आकड्यासारखे सांगत असे.

मी थोरला. शिकलो, शिक्षक झालो, नगरला घर बांधले. धाकटा भाऊ गावी राहिला. माझ्या अध्यापक विद्यालयाची फी एका वर्षी कांदा विकून भरली होती, हे मला ठाऊक आहे. त्याच वर्षी धाकट्याची शाळा सुटली, हेही ठाऊक आहे. त्याने ते कधी बोलून दाखविले नाही. वडिलांच्या मागे सात-बाऱ्यावर आम्हां दोघांची नावे लागली. जमीन साडेपाच एकर. दर वर्षी उन्हाळ्यात एक पोते गहू आणि दोन गोण्या कांदे माझ्या दारात येत. माझ्या लेखी शेतमालक असण्याचा अर्थ तेवढाच होता.

२०१२ चा पावसाळा आटला. २०१३ च्या उन्हाळ्यात १९७२ ची आठवण यावी असा दुष्काळ पडला. धाकट्याने दोन गाई आणि बैलजोडी घेऊन चारा छावणीत महिनेच्या महिने काढले. विहिरीत खडक दिसू लागला होता. त्या वर्षी मात्र पाऊस चांगला झाला. विहीर भरली, तसा माणसांच्याही चेहऱ्यावर रंग आला. धाकट्याने सोसायटीचे कर्ज काढले, शिवाय बायकोच्या गळ्यातले गहाण टाकले आणि रब्बीची तयारी केली. दोन एकर गहू, दीड एकर उन्हाळ कांदा, एकरभर हरभरा. फेब्रुवारीत मी गेलो तेव्हा गव्हाच्या ओंब्या भरल्या होत्या. बांधावर उभा राहून तो म्हणाला, "दादा, औंदा फिटतंय बघ सगळं." त्याच्या तोंडून असे वाक्य मी पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस विदर्भ-मराठवाड्यातून गारपिटीच्या बातम्या येऊ लागल्या. पुढचे दोन आठवडे राज्यात ठिकठिकाणी गारा कोसळत राहिल्या. तेव्हाच्या पस्तीसपैकी अठ्ठावीस जिल्ह्यांना तडाखा बसला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमची पाळी आली.

त्या संध्याकाळी फोन आला तो माझ्या पुतणीचा. ती तेव्हा नववीत होती. आवाजात नुसता आनंद होता. "मोठे बाबा, आपलं रान सगळं पांढरं झालंय! घोट्याएवढ्या गारा साचल्यात. अगदी काश्मीर!" माझ्या डोळ्यांपुढे आजीचा पिंजलेला कापूस आला, फादरांनी सांगितलेली रोमची टेकडी आली. मी हसलो आणि म्हणालो, "वा! नशीबवान आहात. मला काश्मीर बघायला मिळालं नाही, तुम्हांला घरबसल्या मिळालं. फोटो काढून ठेव." फोन बहुधा सर्वांना ऐकू जाईल असा लावलेला होता. कारण पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग धाकट्याचा आवाज आला. "ये दादा बघायला." एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

रात्रभर मला झोप लागली नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला गहू कापणीला आल्याचे ठाऊक होते, महिन्यापूर्वी त्याने तो डोळ्यांनी पाहिला होता. तरीही 'पांढरे' हा शब्द कानी पडताच त्याला फक्त शोभा दिसली. माणूस शेतापासून किती दूर जाऊ शकतो, याचे मोजमाप त्या रात्री मला मिळाले.

सकाळच्या एस.टी.ने गावी गेलो. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला होता. तो नुकताच झाला होता. फाट्यावर उतरून चालू लागलो तो लिंबाच्या झाडांखाली हिरव्या पानांचा खच पडलेला होता आणि त्या खचात पोपट, साळुंक्या, एक घार अशी पाखरे मरून पडली होती. बांधाच्या सावलीला अजूनही गारांचे ढीग शिल्लक होते. ते वरून मळके आणि आत चकचकीत होते. गहू नांगर फिरवावा तसा जमिनीला चिकटला होता. दाणे चिखलात रुतून पडले होते. कांद्याची पात तुटून लगदा झाली होती. काढून खळ्यावर रचलेल्या हरभऱ्याच्या ढिगातून पाणी निथळत होते आणि त्याला आंबूस वास सुटला होता. आमच्याकडे पिकाच्या जमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. 'काळीने पांढरी जगवावी' असे वडील म्हणत. आदल्या संध्याकाळी काळीच पांढरी झाली होती.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना शेतांकडे पाहायला सांगतो. ती कापणीसाठी पांढरी झाली आहेत, असे तो म्हणतो. त्या भागावरची प्रवचने मी आयुष्यभर ऐकली. त्या बांधावर उभा असताना ती ओळ आठवली आणि मला ती मनातसुद्धा पुरी करवेना.

धाकटा विहिरीच्या काठावर बसला होता. मी जवळ जाऊन बसलो. मला पाहून तो रागावला नाही, हे फार अवघड गेले. काही वेळाने तो म्हणाला, "वीस मिनिटं दादा. मोजून वीस मिनिटं. दुष्काळाला निदान वरीस लागतं."

दुपारी घरात गेलो तेव्हा भावजयीने मला मागच्या खोलीत बोलावले. कणगीच्या आड हात घालून तिने फवारणीच्या औषधाचा डबा काढला. तो जुन्या लुगड्यात गुंडाळलेला होता. "दादा, एवढा नगरला घेऊन जा," ती खाली मान घालून म्हणाली, "रातच्याला दोनदा उठून शोधत व्हते ते. मी इचारलं तर म्हनले, बॅटरी शोधतो."

मी तो डबा माझ्या पिशवीत घातला. वजन जेमतेम किलोभर असेल. एवढे जड ओझे मी आयुष्यात उचललेले नाही.

त्या दिवशी मी परतलो नाही. आठ दिवस राहिलो. रात्री धाकट्याच्या खाटेशेजारी खाट टाकून झोपत असे. फारसे बोलणे होत नसे. झोप येत नसली की मी बायबल उघडी. निर्गमच्या पुस्तकात मिसर देशावर गारा पडल्याचे वर्णन आहे. तेथे एक बारकावा आहे, जो पूर्वी कधी माझ्या लक्षात आला नव्हता. जव आणि अळशी यांचा नाश झाला, पण गहू वाचला, कारण तो उशिरा येणारा होता, असे तेथे नोंदविले आहे. कोणते पीक कोणत्या अवस्थेत होते, हे लिहिणारा माणूस शेतकऱ्यांच्या जवळचा असला पाहिजे. मिसरात गहू वाचला. आमच्याकडे नेमका गहूच कापणीला आला होता. मी ते धाकट्याला वाचून दाखविले. तो अंधारात बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "फारोनं तरी काही केलं व्हतं. मी काय केलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ईयोबाजवळही नव्हते. देव ईयोबाला हिमाच्या आणि गारांच्या भांडारांविषयी विचारतो. त्यांचे कारण मात्र सांगत नाही. एकेकाळी युरोपातील खेड्यांत गारांचे ढग आले की चर्चची घंटा वाजवीत आणि मनोऱ्यात दोर धरून उभे असलेले घंटावाले विजेने मरत. शेवटी अठराव्या शतकात फ्रान्समध्ये त्यावर बंदी घालावी लागली. माझ्या आजीची झावळी आणि ती घंटा एकाच कुळातली. त्यांनी ढग फुटत नसतील. पण घरातील माणसे एके ठिकाणी गोळा होत, एवढे खरे.

तिसऱ्या दिवशी आमचे फादर आले. मला भीती होती की ते काही समजुतीचे बोलतील. त्यांनी चप्पल काढली, पायजमा वर खोचला आणि विळा मागितला. आडवा झालेला गहू निदान जनावरांना होईल म्हणून आम्ही कापत होतो. ते ओळीत येऊन बसले. शेजारची दोन घरे आली. त्यांतले एक मराठ्याचे, दुसरे धनगराचे. त्यांच्याही रानात तीच अवस्था होती. एका दिवशी आमचे, दुसऱ्या दिवशी त्यांचे असे काम चालले. धाकटा प्रथम बांधावर नुसता उभा होता. दुपारनंतर तोही विळा घेऊन बसला. भावजय घरातून ते पाहत होती. तिने पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मला जरा धीर आला.

५ मार्चलाच लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागू झालेली होती. पुढे सरकारने मदत जाहीर केली ती जिरायतीला हेक्टरी दहा हजार, बागायतीला पंधरा हजार आणि फळबागांना पंचवीस हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत. पंचनामे झाले, आमच्या एका गटाची नोंद राहून गेली आणि ती दुरुस्त होईपर्यंत हेलपाटे घालावे लागले. जे आले ते कर्जाच्या मानाने अपुरेच होते. उरलेला कांदा चाळीत ठेवला, पण गारेचा मार लागलेला कांदा टिकत नाही. महिन्याभरात सडू लागला.

आठव्या दिवशी निघताना मी माझ्या निवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम द्यायचे ठरवून धाकट्याला बाजूला घेतले. तो एकदम ताठ झाला. "धर्म करतोस का दादा? नको मला." मी गोंधळलो. मग त्यानेच थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता विचारले, "सात-बाऱ्यावर नाव हाय ना तुझं?"

"आहे."

"मग निम्मा तोटा तुझा. तेवढा घे. त्याच्यावर एक रुपया देऊ नको."

आम्ही ओट्यावर बसून वहीत हिशेब मांडला. बियाणे, खत, मजुरी, वीज, व्याज. मी निम्मा भरला. दान देताना माणसाचा हात वर असतो. त्या दिवशी आमचे दोघांचे हात एकाच वहीवर होते. वडिलांच्या मागे इतक्या वर्षांनी मी त्या जमिनीचा खरोखर वाटेकरी झालो. नगरला आल्यावर पहिले काम केले ते म्हणजे तो डबा कुणाच्या हाती लागणार नाही अशा रीतीने नष्ट केला.

त्यानंतर २०१५ च्या मार्चमध्ये पुन्हा गारा आल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर ऐन हिवाळ्यात नाशिक-नगरच्या भागात गारपीट झाली. आभाळाचे वेळापत्रक बिघडले आहे, हे सांगायला आता माझ्यासारख्या शिक्षकाची गरज उरलेली नाही. प्रत्येक वेळी ढग काळे-जांभळे होऊन गडगडू लागले की मी पहिला फोन धाकट्याला करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "काय उभं आहे रानात?" पुतणी आता परिचारिका झाली आहे. तिने त्या दिवशीचे छायाचित्र खरोखरच काढून ठेवले होते. मोठे बाबांनी सांगितले म्हणून. काही वर्षांपूर्वी तिने ते मला दाखविले. चित्र सुंदर आहे, हे नाकारता येत नाही. पांढरेशुभ्र रान, मागे निवळलेले आभाळ आणि कोपऱ्यात पाठमोरा उभा असलेला एक माणूस. आधी त्या माणसाकडे पाहायचे असते, हे मला आता कळते.

लास व्हेगासच्या मुलांना सुटी मिळाली, याचा माझ्या नातीला हेवा वाटला. तो तिच्या वयाला शोभणारा होता. मी तिच्यावर रागावलो नाही. मी स्वतः त्रेसष्ट वर्षांचा असताना तसाच बोललो होतो. पण तिला दिलेले उत्तर अर्धवट होते, ते पुरे करायला हवे. येत्या मे महिन्याच्या सुटीत तिला गावी नेणार आहे. विहिरीच्या काठावर बसवून धाकट्यालाच सांगायला लावीन, की आपल्याकडेही एकदा रान पांढरे झाले होते. त्या वेळी आजोबा काय म्हणाले, तेही त्याने सांगावे अशी माझी इच्छा आहे. तो सांगणार नाही, याची मला खात्री आहे. मग ते मीच सांगेन.